युद्ध झालं की आणीबाणी 'आपोआप' लागते का?

मुळा_मुठा (धागालेखक) | ११ मे २०२५, रात्री ९:४०

परवा बुधवारी देशभर सायरनची रंगीत तालीम झाली. आमच्या भागात भोंगा काही ऐकू आला नाही, व्हॉट्सॲप मात्र दिवसभर वाजत होतं. सोसायटीच्या ग्रुपवर एक ढकलपत्र आलं: 'युद्ध सुरू झालं की राष्ट्रपती आपोआप आणीबाणी लावतात. मग बँकेतले पैसे गोठतात, सरकार तुमची गाडी उचलून नेऊ शकतं आणि कोर्टाचे दरवाजे बंद होतात.' आज मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीचा विषय बाजूला पडून पाऊण तास यावरच गेला. मी आयुष्यभर कामगार न्यायालयात वकिली केली, घटनेचा पंडित नाही. तरी तिथे सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला उभ्या उभ्या नीट सांगता आलं नाही. म्हणून इथे सावकाश लिहितोय. चुकलं तर कान धरा.

आधी युद्धाचं. आपल्या राज्यघटनेत 'युद्ध पुकारण्याची' पद्धत दिलेलीच नाही. केंद्रसूचीतल्या १५ व्या नोंदीत 'युद्ध आणि शांतता' एवढे दोन शब्द आहेत. कलम ५३ सांगतं की सैन्यदलांचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे राहील आणि त्याचा वापर कायद्याने नियंत्रित होईल. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, म्हणजे निर्णय मंत्रिमंडळाचा. संसदेला आधी विचारावं अशी अट नाही. पैसे मंजूर करताना, प्रश्न विचारताना, अविश्वास ठराव आणताना संसद हात धरू शकते, पण सैन्य निघण्याआधी नव्हे. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यात सैन्य गेलं, १९८७ मध्ये शांतिसेना श्रीलंकेत गेली, १९९९ मध्ये कारगिल झालं. तिन्ही वेळा ना युद्ध पुकारलं गेलं, ना आणीबाणी लागली.

आता आणीबाणी. कलम ३५२. ती आपोआप लागत नाही, उद्घोषणा काढावी लागते. आजवर तीनदा निघाली: २६ ऑक्टोबर १९६२ (चीन), ३ डिसेंबर १९७१ (पाकिस्तान) आणि २५ जून १९७५ (जिला आपण नुसतं 'आणीबाणी' म्हणतो ती). ३६० खालची आर्थिक आणीबाणी एकदाही लागलेली नाही. आणि लागली तरी तिचा रोख सरकारी खर्च, पगार, राज्यांची वित्तविधेयकं यांवर आहे. तुमच्या बचत खात्याचं त्या कलमात नावही नाही.

१९७५ चा धडा घेऊन १९७८ मध्ये ४४ वी घटनादुरुस्ती झाली. त्याआधी 'अंतर्गत अशांतता' एवढं कारण पुरत होतं. आता 'सशस्त्र उठाव' हवा. २५ जूनच्या रात्री पंतप्रधानांच्या एका पत्रावर राष्ट्रपतींची सही झाली आणि मंत्रिमंडळाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. आता मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी गेल्याशिवाय राष्ट्रपती सही करू शकत नाहीत. संसदेची मंजुरी पूर्वी दोन महिन्यांत आणि साध्या बहुमताने चालायची. आता एका महिन्यात आणि तीही दोन-तृतीयांशांनी. दर सहा महिन्यांनी पुन्हा मतदान. लोकसभेच्या एक-दशांश सदस्यांनी नोटीस दिली तर १४ दिवसांत खास बैठक. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे कलम २० आणि २१ आता कुठल्याही आणीबाणीत स्थगित होत नाहीत. जगण्याचा हक्क शाबूत.

तेव्हा ढकलपत्र खोटं, एवढंच मला मीटिंगमध्ये म्हणायचं होतं.

---

रोखठोक | ११ मे, रात्री १०:०५

छान लिहिलंय, पण एक कळत नाही. शत्रू दारात आलेला असताना एक-दशांश सदस्यांची नोटीस आणि १४ दिवसांची बैठक कसली? घराला आग लागल्यावर सोसायटीची सर्वसाधारण सभा बोलावतात का?

---

मुळा_मुठा | ११ मे, रात्री १०:२२

आग विझवायला सभा लागत नाहीच. उद्घोषणा त्याच दिवशी लागू होते, मंजुरी नंतर. सभा लागते ती आग विझून सहा महिने झाले तरी बंब दारातच का उभा, हे विचारायला.

---

निवृत्त_तलाठी | ११ मे, रात्री १०:३१

गाडी उचलून न्यायला आणीबाणी कशाला लागते हो? निवडणूक पुरते! लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १६०. मतपेट्या आणि कर्मचारी वाहून न्यायला गाडी अधिग्रहित करता येते. मी स्वतः किती जीपवाल्यांच्या शिव्या खाल्ल्यात. आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम ६५ पण आहे, त्यात बचावकार्यासाठी वाहन, जागा, साधनं घेता येतात. दोन्हीकडे भरपाईची तरतूद आहे. ती कधी मिळते हे मला विचारू नका, मी निवृत्त आहे.

---

शेवंती | ११ मे, रात्री १०:४८

दुरुस्ती नाही, शंका. १९६५ च्या युद्धाचं काय? ते तुमच्या यादीत नाही. आईच्या आठवणीत तर काचांना काळे कागद, गाड्यांच्या दिव्यांना अर्धा काळा रंग, सगळं आहे.

---

मुळा_मुठा | ११ मे, रात्री ११:१०

उत्तम प्रश्न. १९६५ ला नवी आणीबाणी लावायची गरजच पडली नाही, कारण १९६२ ची उठलीच नव्हती! चिनी सैन्याने नोव्हेंबर १९६२ मध्ये एकतर्फी युद्धबंदी केली. आपली उद्घोषणा मात्र १० जानेवारी १९६८ ला मागे घेतली गेली. महिनाभराचं युद्ध आणि सव्वापाच वर्षांची आणीबाणी. १९७१ चीही तीच गत. युद्ध १३ दिवसांचं, उद्घोषणा मार्च १९७७ पर्यंत. म्हणजे १९७५ ला जेव्हा 'अंतर्गत' आणीबाणी लावली तेव्हा 'बाह्य' आणीबाणी आधीच चालू होती. एकावर एक.

ऑक्टोबर १९६२ ते मार्च १९७७ या साडेचौदा वर्षांतली दहाहून जास्त वर्षं देश कागदावर आणीबाणीत होता. आपल्याला आठवतात फक्त २१ महिने.

---

गुंजभर_सोनं | ११ मे, रात्री ११:३८

एरवी मी इथे वाचनमात्र असते, पण 'आपल्याला आठवतात फक्त २१ महिने' वाचून राहवलं नाही. आमच्या घरात १९६२ ची आणीबाणी पक्की आठवते, फक्त तिचं नाव वेगळं आहे. आमच्याकडे तिला 'चौदा कॅरेट' म्हणतात.

आजोबा सराफी पेढीवर घडणावळीचं काम करायचे. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. १४ कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचा नवा दागिना घडवायचा नाही. आता आपल्याकडे मंगळसूत्राच्या वाट्या, पाटल्या, ठुशी हे सगळं बावीस कॅरेटचं. चौदा कॅरेटचं सोनं कडक असतं, पारंपरिक हत्यारांनी ते तसं वळत नाही आणि गिऱ्हाईकालाही ते सोनं वाटत नाही. वर्षभरात आजोबांच्या हातचं काम गेलं. पुढे त्यांनी पिठाची गिरणी चालवली. देशभर कितीतरी कारागीर देशोधडीला लागले, काहींनी जीव दिला.

मला कायद्यातलं कळत नाही, पण मोठी झाल्यावर एक गोष्ट समजली. हे नियम 'भारत संरक्षण नियमां'खाली काढले होते. चीनशी लढायला केलेला कायदा, आणि त्याने आमच्या आजोबांची ऐरण बंद पाडली!

---

मुळा_मुठा | ११ मे, रात्री ११:५५

गुंजभर ताई, दंडवत. हे मला ठाऊक होतं पण असं सुचलं नव्हतं.

पुरवणी जोडतो. भारत संरक्षण कायदा १९६२ तात्पुरता होता, आणीबाणी संपली की सहा महिन्यांत जायचा. पण त्याची पोरं मोठी होऊन वेगळी राहायला गेली. सोन्यासाठी १९६८ मध्ये स्वतंत्र सुवर्ण नियंत्रण कायदा आला, तो थेट १९९० मध्ये रद्द झाला. १९६५ मध्ये पाकिस्तानी नागरिकांच्या मालमत्ता याच नियमांखाली अभिरक्षकाच्या ताब्यात गेल्या. त्यांच्यासाठी १९६८ चा शत्रू संपत्ती कायदा आला, तो आजही आहे. २०१७ ला तो आणखी कडक झाला. वारस भारतीय नागरिक असला तरी मालमत्ता परत मिळत नाही. ताश्कंदला तह होऊन साठ वर्षं होत आली, तो बंगला अजून शत्रूच.

---

रोखठोक | १२ मे, सकाळी ८:१५

सोन्याचं वाईट वाटलं, खरंच. पण परकीय चलन नव्हतं, सोन्याची तस्करी जोरात होती, हेही खरं ना? आणि युद्धकाळात संशयितांना आत टाकणं सगळेच देश करतात.

---

शेवंती | १२ मे, सकाळी ९:०२

करतात, आणि नंतर लाजतात. १९६२ ला आपण आसाम, बंगालमधल्या चिनी वंशाच्या लोकांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. बायका, पोरं, म्हातारी माणसं. सुमारे तीन हजार लोक, त्यातले कितीतरी इथेच जन्मलेले. काहींना वर्षानुवर्षं तिथे काढावी लागली. त्यांच्यापैकी कोण हेर होतं?

---

चिंचपोकळी | १२ मे, दुपारी १:२०

ढकलपत्रातला तिसरा मुद्दा राहिला मंडळी. 'कोर्टाचे दरवाजे बंद होतात.' त्यावर एक गोष्ट सांगतो. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर घडलेली आहे.

प्रभाकर संझगिरी हे कम्युनिस्ट कार्यकर्ते. भारत संरक्षण नियमांतल्या ३० व्या नियमाखाली त्यांना मुंबईत स्थानबद्ध केलं, आर्थर रोडला. खटला नाही, आरोप नाही, 'देशाच्या संरक्षणाला बाध येऊ नये म्हणून' आत. आत बसून हा माणूस काय करतो? मराठीत विज्ञानाचं पुस्तक लिहितो. 'अणूच्या अंतरंगात'. मग सरकारकडे अर्ज करतो की हस्तलिखित प्रकाशनासाठी बायकोकडे पाठवू द्या. सरकार म्हणतं, नाही.

सरकारचं म्हणणं असं की स्थानबद्ध माणसाला काय काय करता येईल याची यादी १९५१ च्या आदेशात दिली आहे, त्यात पुस्तक बाहेर पाठवणं नाही, म्हणून नाही. संझगिरी मुंबई उच्च न्यायालयात गेले. तिथे जिंकले. राज्य सरकार हट्टाने सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी सांगितलं की ती यादी म्हणजे मेहेरबानीने दिलेल्या सवलतींची यादी नव्हे. माणूस आत आहे म्हणून त्याचं उरलंसुरलं स्वातंत्र्य सरकारच्या खिशात जात नाही. ते काढून घ्यायचं तर तसा नियम दाखवा. नियम नाही ना? मग पुस्तक बाहेर जाईल.

आता निकालाची तारीख बघा. ६ सप्टेंबर १९६५. त्याच दिवशी सकाळी आपलं सैन्य आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या रोखाने निघालं होतं. तिकडे रणगाडे आणि इकडे दिल्लीत न्यायाधीश सांगताहेत की मुंबईच्या कैद्याचं मराठी पुस्तक अडवू नका.

---

अभ्यासू_आळशी | १२ मे, दुपारी १:४४

अंगावर काटा आला. हे शाळेच्या पुस्तकात का नाही?

---

खडूस | १२ मे, दुपारी १:५१

कारण शाळेच्या पुस्तकात अणू आहे, संझगिरी नाहीत.

---

मुळा_मुठा | १२ मे, सायंकाळी ७:३०

चिंचपोकळी, धाग्याचं सोनं केलंत (चौदा कॅरेटचं नव्हे). आता मी या निकालाच्या पोटात शिरतो, कारण १९६५ ला दार उघडं राहिलं आणि १९७६ ला बंद झालं, ते कसं हे यात दिसतं. जरा लांबेल.

आणीबाणीत दोन कलमं एकापाठोपाठ येतात. ३५८ खाली कलम १९ ची स्वातंत्र्यं (भाषण, सभा, संचार वगैरे) सरकारविरुद्ध निष्प्रभ होतात. ती मात्र आपोआप, तेवढ्यापुरतं ढकलपत्र खरं आहे. ४४ व्या दुरुस्तीनंतर हेही फक्त युद्ध किंवा परकीय आक्रमण असेल तरच, सशस्त्र उठावात नाही. ३५९ वेगळं. तिथे राष्ट्रपतींना आदेश काढावा लागतो की अमुक अमुक हक्कांसाठी कोर्टात जाता येणार नाही.

३ नोव्हेंबर १९६२ च्या आदेशात एक अट होती. कोर्टात जाण्याचा हक्क बंद, पण कोणासाठी? ज्याचं स्वातंत्र्य भारत संरक्षण कायद्याखाली किंवा त्याच्या नियमांखाली काढून घेतलं असेल त्याच्यासाठी. म्हणजे एक 'जर' होता. आणि वकील लोक 'जर'वर जगतात. १९६३ मध्ये माखनसिंग खटल्यात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी तो 'जर' उलगडला. सरकारने नियमाप्रमाणे केलं असेल तर आम्ही हात लावणार नाही. पण नियमच पाळला नसेल, कायद्याने दिलेल्या अधिकाराबाहेर गेले असतील, सूडबुद्धीने केलं असेल, तर तो माणूस त्या नियमांखाली आत नाहीच, आणि त्याला आमच्याकडे येता येईल.

संझगिरी त्या फटीतून बाहेर आले, म्हणजे पुस्तक आलं. दुसऱ्याच दिवशी, ७ सप्टेंबर १९६५ ला, राममनोहर लोहियाही तिथूनच सुटले. पाटण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याने आदेशात 'कायदा व सुव्यवस्था' लिहिलं होतं, नियमात शब्द होता 'सार्वजनिक सुव्यवस्था'. न्यायमूर्ती हिदायतुल्लांनी एकात एक तीन वर्तुळं काढून दाखवली. सगळ्यांत मोठं कायदा-सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, त्याच्या आत राज्याच्या सुरक्षिततेचं. मोठ्या वर्तुळातला दंगा लहान वर्तुळातला असेलच असं नाही. सुटले लोहिया. सैन्याने सीमा ओलांडून दुसराच दिवस होता तेव्हा.

आता २७ जून १९७५ चा आदेश. त्यात कलम १४ (समानता), २१ (जीवित आणि स्वातंत्र्य) आणि २२ (अटकेतलं संरक्षण) यांसाठी कोर्टात जाणं बंद केलं. 'जर' काढून टाकला. कुठल्या कायद्याखाली, नियमाप्रमाणे की नियमाबाहेर, काहीच नाही. सरसकट. नऊ उच्च न्यायालयांनी तरीही स्थानबद्धांच्या याचिका ऐकल्या, मुंबईही त्यात होतं. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने त्या नवांना चूक ठरवलं. सुनावणीत न्यायमूर्ती खन्नांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारलं की उद्या एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून माणूस मारला तरी दाद मागता येणार नाही का? डे म्हणाले, आणीबाणी आहे तोवर नाही.

चौघांत आपले यशवंत विष्णू चंद्रचूडही होते. एकटे खन्ना उलट गेले. जानेवारी १९७७ मध्ये ज्येष्ठता असूनही सरन्यायाधीशपद त्यांना मिळालं नाही, त्यांनी राजीनामा दिला. तो निकाल अधिकृतपणे रद्दबातल ठरायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडला, खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात. तिथे चूक मान्य करणारं मुख्य निकालपत्र धनंजय चंद्रचूडांचं. मुलाने वडिलांचं.

आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालात आकडे आहेत: मिसाखाली (अंतर्गत सुरक्षेसाठी खटल्याशिवाय आत ठेवणारा कायदा) ३४,९८८ स्थानबद्ध, भारत संरक्षण व अंतर्गत सुरक्षा नियमांखाली ७५,८१८ अटका. हे नावही बघा. १९७१ ला पाकिस्तानसाठी केलेला भारत संरक्षण कायदा, १९७५ मध्ये त्याच्या नावात 'अंतर्गत सुरक्षा' घुसवली. पाटी बदलली, दुकान तेच.

---

गुंजभर_सोनं | १२ मे, रात्री ८:१२

म्हणजे सगळा फरक एका वाक्यांशाचा?

---

मुळा_मुठा | १२ मे, रात्री ८:२०

वाक्यांशाचा, आणि तो वाचायला बसलेल्या माणसांचाही. खन्नांपुढेही तोच 'जर' नसलेला आदेश होता. ते म्हणाले, कलम २१ नसतं तरी कायद्याशिवाय कोणाचा जीव घेण्याचा अधिकार राज्याला नाही.

अवांतर: त्याच काळात मुंबई उच्च न्यायालय मात्र खमकं राहिलं. फेब्रुवारी १९७६ मध्ये मिनू मसानींच्या मासिकातला मजकूर सेन्सॉरने कापला, तेव्हा न्यायमूर्ती मादन आणि कानिया यांनी सेन्सॉरलाच नियम वाचून दाखवला. सरकारवर टीका आहे म्हणून मजकूर कापायचा अधिकार तुम्हाला नियमानेही दिलेला नाही. कलम १९ झोपलेलं असतानाचा निकाल आहे हा!

---

चिंचपोकळी | १२ मे, रात्री ८:४१

आणि त्याच्या दोनेक महिने आधी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध बोलल्या होत्या, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण समोर असताना. पुढे त्यांनाही अटक झाली. न्यायाधीशांच्या गर्दीत त्यांचं नाव असू दे.

---

हडसनकाठी | १२ मे, रात्री ११:३० (आमच्याकडे दुपार)

इकडून थोडं. मुळा_मुठा म्हणतात भारतात सैन्य पाठवण्याआधी संसदेला विचारायची अट नाही. अमेरिकेत अट आहे, युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा. शेवटचं औपचारिक युद्ध पुकारलं ते जून १९४२ मध्ये. त्यानंतर कोरिया, व्हिएतनाम, इराक, अफगाणिस्तान, मोजत बसा. व्हिएतनामने पोळल्यावर १९७३ ला युद्धाधिकारांचा ठराव केला, निक्सनचा नकाराधिकार मोडून. सैन्य उतरवलं तर ४८ तासांत कळवा, ६० दिवसांत मंजुरी घ्या नाहीतर परत फिरा, परतायला आणखी ३० दिवस. २०११ मध्ये लिबियावर साठ दिवस उलटून गेले तेव्हा ओबामा सरकारने काय सांगितलं? बॉम्ब टाकतोय खरे, पण याला त्या कायद्यातली 'लढाई' म्हणता येत नाही.

तेव्हा अट लिहिलेली असूनही फार फरक पडतो असं मला इथे राहून वाटेनासं झालंय.

---

रोखठोक | १३ मे, सकाळी ७:५५

हेच मी म्हणतोय! कागदावर काय लिहायचं ते लिहा, वेळ आली की सरकार करायचं तेच करतं. मग मुळा_मुठांचं ४४ व्या दुरुस्तीचं कुलूप तरी किती भरवशाचं?

---

अभ्यासू_आळशी | १३ मे, सकाळी १०:१०

रोखठोकरावांशी चक्क सहमत, आणि पुरावा देतो. ते कुलूप एकदा उघडलं गेलंय. १९८८ ची ५९ वी घटनादुरुस्ती. फक्त पंजाबपुरती, पण 'अंतर्गत अशांतता' हे कारण परत आणलं आणि तिथे कलम २१ सुद्धा स्थगित करता येईल अशी सोय केली. ४४ व्या दुरुस्तीला दहा वर्षंही झाली नव्हती. वापरली नाही हे नशीब. सरकार बदललं आणि ६३ व्या दुरुस्तीने ती काढून टाकली.

---

मुळा_मुठा | १३ मे, दुपारी १२:४५

कान धरलेत ते बरं केलंत. ५९ वी मी विसरलोच होतो, आणि 'जगण्याचा हक्क शाबूत' हे वाक्य मी जरा छाती फुगवून लिहिलं होतं. तेवढी हवा काढून घेतो.

पण रोखठोक, 'सरकार करायचं तेच करतं' हे मला पटत नाही. १९६५ ला महाराष्ट्र सरकारला करायचं होतं ते करता आलं नाही. कुलूप तोडता येतं म्हणून कोणी दार उघडं टाकून गावाला जात नाही. ५९ वी करायला संसदेत यावं लागलं, मत मोजावं लागलं, नावं नोंदली गेली. २५ जूनच्या रात्री यातलं काही लागलं नव्हतं.

खरी भीती मला वेगळीच वाटते. ३५२ ला आता इतकी कुलपं आहेत की त्या दाराकडे कोणी फिरकतच नाही. आजूबाजूच्या खिडक्या आहेत ना. मार्च २०२० मध्ये सगळा देश चार तासांच्या सूचनेवर घरात बसला, तो आणीबाणीने नव्हे, आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ ने. सोबत १८९७ चा साथरोग कायदा, जो पुण्या-मुंबईच्या प्लेगसाठी इंग्रजांनी केला होता. यातल्या एकालाही दर सहा महिन्यांनी संसदेत दोन-तृतीयांश लागत नाहीत.

माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. एप्रिल २०२० मध्ये गुजरात सरकारने अधिसूचना काढली की कारखान्यात रोज १२ तास, आठवड्याला ७२ तास काम घेता येईल आणि जादा तासांना दुप्पट दर नाही. आधार काय? कारखाने अधिनियमाचं कलम ५, 'सार्वजनिक आणीबाणी'. त्या कलमात आणीबाणीची व्याख्या होती: युद्ध, परकीय आक्रमण किंवा अंतर्गत अशांतता यामुळे देशाच्या सुरक्षेला धोका. हो, घटनेतून हाकललेली 'अंतर्गत अशांतता' तिथे मुक्कामाला होती. १ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. साथ म्हणजे देशाच्या सुरक्षेला त्या अर्थाचा धोका नव्हे, आणि कामगाराच्या ओव्हरटाइमवर साथीशी लढता येत नाही. निकालपत्र पुन्हा चंद्रचूडांचं, धाकट्यांचं.

आणि परवाच, ९ मेला, केंद्राने राज्यांना नागरी संरक्षण नियमांतले तातडीचे अधिकार वापरायला सांगितलं, साहित्य खरेदी पटकन व्हावी म्हणून. १९६८ चा कायदा. त्यात मला काही गैर दिसत नाही, सायरन घ्यायला सहा महिन्यांची निविदा नको. पण आणीबाणी न लावता किती काही करता येतं ते बघा.

---

शेवंती | १३ मे, दुपारी २:०५

स्थानबद्धतेचं राहिलं. ते तर शांततेतही चालू आहे ना? कलम २२ मध्येच आहे.

---

मुळा_मुठा | १३ मे, दुपारी २:३८

हो. खटल्याशिवाय आत ठेवण्याची परवानगी मूलभूत हक्कांच्या प्रकरणातच लिहून ठेवली आहे. सल्लागार मंडळापुढे न नेता तीन महिने. आणि आता जे सांगतो ते वकिलांनाही पटकन खरं वाटत नाही. ४४ व्या दुरुस्तीच्या तिसऱ्या कलमाने हे तीन महिने दोनावर आणले होते, आणि सल्लागार मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमायचं ठरवलं होतं. संसदेने मंजूर केलं, राष्ट्रपतींची सही झाली. पण दुरुस्ती कुठल्या तारखेपासून लागू हे सरकारने अधिसूचनेने ठरवायचं होतं. बाकीची कलमं लागू झाली. तिसऱ्याची तारीख आजतागायत निघालेली नाही. डिसेंबर १९८१ मध्ये ए. के. रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगून पाहिलं, ते म्हणाले सरकारला आम्ही तारीख काढायला लावू शकत नाही. पक्ष आले, गेले, आघाड्या झाल्या. सत्तेचाळीस वर्षं होत आली.

---

खडूस | १३ मे, दुपारी २:५०

सोसायटीच्या पाण्याच्या टाकीसारखं. ठराव मंजूर, मुहूर्त नाही.

---

रोखठोक | १३ मे, दुपारी ३:१५

हे मात्र माहीत नव्हतं. तीनाचे दोन महिने करण्यात देशाची सुरक्षा कुठे आड येते हे मलाही कळत नाही. मुळा_मुठा, मुख्य धाग्यात ही ओळ टाका, लोक प्रतिसाद वाचत नाहीत.

---

चिंचपोकळी | १३ मे, रात्री ९:००

कोणाकडे संझगिरींचं ते पुस्तक आहे का? मी निकालाबद्दल वाचलंय, पुस्तक कधी हातात घेतलेलं नाही. ज्यासाठी सरकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं ते एकदा चाळून बघायचंय.

---

शेवंती | १३ मे, रात्री ९:२६

दादरच्या ग्रंथसंग्रहालयात शनिवारी जाणार आहे, विचारते. मिळालं तर फोटो टाकेन. निदान अनुक्रमणिकेचा तरी. न्यायाधीशांनीही अनुक्रमणिका बघूनच ठरवलं होतं म्हणतात की यात देशाला धोका काही नाही, नुसते मूलकण आहेत.